बिजागरीचे ९ मिलिमीटर

पन्नास मिलिमीटरची लेन्स, लहान (क्रॉप) सेन्सरचा जुना डीएसएलआर कॅमेरा आणि ट्रायपॉड एवढ्या सामानावर ताऱ्यांचे फोटो काढायला गेलं की सहा-सात सेकंदांनंतर तारे लांबट दिसायला लागतात. मृगातले तारे खगोलीय विषुववृत्ताजवळचे, ते सेकंदाला १५ विकला सरकतात (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). माझ्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल या लेन्सवर साधारण १८ विकलांचा. म्हणजे सेकंदाला एक पिक्सेल, जरा कमीच. सात सेकंदांत मृगाचा तेजोमेघ म्हणजे एक करडा डाग, बाकी सगळा आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवल्याने आलेला कचरा. आकाशाबरोबर कॅमेरा वळवणाऱ्या तयार यंत्राच्या, म्हणजे ट्रॅकरच्या, किमती पाहिल्या आणि मुकाट्याने कागद-पेन्सिल घेतली.

जॉर्ज हेग नावाच्या गृहस्थांनी १९७५ साली यावर स्वस्त तोड काढून ठेवली आहे. एकावर एक दोन फळ्या, एका टोकाला बिजागरी, दुसऱ्या टोकाकडे आट्यांचा रॉड. बिजागरीची पिन ध्रुवताऱ्याकडे रोखायची आणि रॉड फिरवत वरची फळी हळूहळू उघडायची. वर बसवलेला कॅमेरा आकाशाबरोबर वळतो. सहा एमेमच्या रॉडला एका फेऱ्यात एक मिलिमीटर पुढे जायची सवय असते. पृथ्वी ताऱ्यांच्या संदर्भात २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत एक फेरी मारते. मिनिटाला एक फेरा द्यायचा, तर बिजागरी ते रॉड अंतर २२८.६ मिलिमीटर हवं. सगळं गणित एवढंच. मी घोळ घातला तोही इथेच, पण ते पुढे.

रॉड पुण्यात बोहरी आळीत मिळाला. दुकानदाराने आधी पाव इंची रॉड पुढे केला. त्याला इंचात वीस आटे, म्हणजे फेऱ्याला १.२७ मिलिमीटर, तो लावला असता तर अंतर २९० वर गेलं असतं. गंमत म्हणजे पाव इंचीही लागणारच होता, कारण ट्रायपॉडचा स्क्रू त्याच मापाचा असतो. दोन्ही घेतले. फळ्या प्लायच्या, बिजागरी दाराची, चांगली जाड. रॉडच्या खालच्या टोकाला लोणच्याच्या बरणीचं झाकण बसवलं आणि त्यावर रंगाने चार खुणा केल्या. मोटर नाही. हातानेच हळूहळू फिरवत राहायचं, दर १५ सेकंदांत पाव फेरा पुरा.

जानेवारीच्या अमावास्येला भाच्याला घेऊन भोरच्या पुढे गेलो. पुण्याच्या दक्षिणेला अंधार गाठायला जाण्यात एक ग्यानबाची मेख आहे. आपल्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १८ अंश वर, आणि तिथून उत्तरेला पुण्याचा पिवळट उजेड. बाकी आभाळ काळंभोर आणि नेमका ध्रुव त्या धुरकट पट्ट्यात. बिजागरीच्या रेषेत शहाळ्याची स्ट्रॉ चिकटवली होती. तिच्यातून ध्रुव शोधायला गुडघ्यावर बसून मान वाकडी करावी लागते. वीस मिनिटं गेली. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त बाजूला असतो, पण पन्नासच्या लेन्सला दोन मिनिटांत त्याने पिक्सेलभरच फरक पडतो. तेवढ्यासाठी जीव काढायची गरज नाही.

फोकसला मात्र जीव काढावा लागतो. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर अजिबात विसंबू नका. व्याधावर कॅमेरा रोखला, लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा केला, ठिपका सगळ्यात लहान झाला तिथे रिंगला चिकटपट्टी मारली. अ‍ॅपर्चर १.८ वर कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटतात, म्हणून लेन्सचं तोंड जरा बारीक करून २.८. आयएसओ ८००, दोन मिनिटं.

भाचा मोबाइल उलटा धरून सेकंद मोजत होता. "मामा, पंधरा." पाव फेरा. "मामा, तीस." पाव फेरा. झाकण धरताना श्वास आपोआप रोखला जायचा. सातव्या-आठव्या फ्रेमला "मामा" आलंच नाही, पठ्ठ्या बसल्या बसल्या झोपला होता. मग मीच मोजलं.

घरी येऊन फोटो शंभर टक्क्यांवर उघडला. तारे गोल नव्हते. सगळे एकाच दिशेला, चार पिक्सेल लांब.

दोन दिवस ध्रुव नीट साधला नाही म्हणून स्वतःला बोल लावत बसलो. मग ट्रॅकिंग न करता काढलेली एक फ्रेम शेजारी ठेवली. रेघा समांतर! ध्रुव चुकला असता, तर तारे सहसा तिरके सरकले असते. हे त्यांच्या नेहमीच्या वाटेवरच ओढले गेले होते, म्हणजे दिशा बरोबर आणि वेग चुकीचा. दोन मिनिटांत तारा ट्रॅकिंगशिवाय साधारण १०० पिक्सेल गेला असता, इथे चार गेला. चूक चार टक्के. २२८.६ चे चार टक्के म्हणजे ९ मिलिमीटर.

पट्टी घेऊन बिजागरीपाशी बसलो. मी २२८.६ मोजलं होतं ते फळीच्या कडेपासून. पण फळी कडेवर फिरत नाही, बिजागरीच्या पिनवर फिरते! सुताराने खाली घातलेली पॅकिंगची पट्टी, बिजागरीचं पान आणि नळीची अर्धी जाडी धरली तर पिन कडेच्या बाहेर बरोबर ९ मिलिमीटर. आकाशाच्या फोटोवरून लाकडाचं माप निघालं, याचाच मला तारे गोल येण्यापेक्षा जास्त आनंद झाला, हे बायकोला सांगून पटलं नाही.

जुन्या भोकाला चिकटून नवं भोक पाडणं शक्य नव्हतं, नट बसला नसता. म्हणून फळ्या घेऊन पुन्हा सुताराकडे. बिजागरीच्या कडेने दोन्ही फळ्या ९ एमेम कापून द्या म्हटलं.

"साहेब, नऊ एमेमनं काय आभाळ कोसळतंय?"

"कोसळत नाही, चार पिक्सेल सरकतंय."

त्याने माझ्याकडे पाहिलं, फळ्या कापल्या, पैसे घेतले नाहीत.

पुढच्या अमावास्येला वीस फ्रेम काढल्या. दर पाच फ्रेमनंतर, म्हणजे दहा मिनिटांनी, रॉड परत मागे आणायचा, कारण सरळ रॉडवर जसजशी फळी उघडते तसा वेग चुकायला लागतो. दहा मिनिटांपर्यंत ती चूक सहा विकलांची, पण वीस मिनिटांत जवळजवळ आठपट होते. शेवटच्या सात फ्रेम लेन्सवर दव बसून वाया गेल्या. उरलेल्या तेरा डीपस्कायस्टॅकर या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र केल्या. मृगाचा तेजोमेघ गुलाबी, पंख पसरलेला. त्रिकांडातल्या (मृगातले ओळीतले तीन तारे) पूर्वेकडच्या ताऱ्याला चिकटून ज्योत-तेजोमेघाचा पुसटसा तुकडा. बर्नार्डचं वेटोळं, म्हणजे मृगातली तेजोमेघाची मोठी पुसट कमान, अर्थातच नाही, हायड्रोजनचा तो ६५६ नॅनोमीटरचा लाल उजेड साध्या कॅमेऱ्याच्या आतला फिल्टर बराचसा अडवतो.

मग हाव सुटली आणि १३५ ची लेन्स लावली. तिथे पिक्सेल साडेसहा विकलांचा. हाताने फिरवताना वेग जरा पुढेमागे झाला की तारे सरकतात, हे फोटोत स्वच्छ दिसतं. झाकणाला बोट लागलं की झालेला हादरा वेगळाच. त्यासाठी पुण्यात पासोड्या विठोबापाशी एक छोटी स्टेपर मोटर (बारीक ठरावीक टप्प्यांनी फिरणारी) घेऊन ठेवली आहे, पण तोवर पावसाळा आला. रॉडला शिलाई मशीनचं तेल लावून, प्लाय फुगू नये म्हणून सगळं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकलंय. मोटर पाहून भाचा म्हणाला, "म्हणजे आता मी आलो नाही तरी चालेल?" त्याला स्ट्रॉमधून ध्रुव शोधायचं काम दिलंय. माझी मान अजून दुखते.