नगरची मी, पुण्याच्या मंडळीत

नगरहून पुण्याला बदली झाली तेव्हा गॅसचं कनेक्शन, मुलांची शाळा, आधारवरचा पत्ता या कामांच्या यादीत मंडळीही, म्हणजे चर्चही, होती. कागदाचं काम सोपं. जुन्या पाळकसाहेबांकडून सभासदत्वाचं बदलीपत्र आणलं, इथल्या कमिटीने ते मान्य केलं आणि एका रविवारी उपासनेत आमची नावं वाचली गेली.

अवघड गेलं ते उपासनेतलं उठणं-बसणं. मी अमेरिकन मराठी मिशनच्या, म्हणजे अमेरिकन मिशनऱ्यांनी नगरकडे रुजवलेल्या चर्चच्या, वळणात वाढलेली. प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीच्या विधीतला, द्राक्षरस आम्हाला छोट्या पेल्यांतून बाकावरच मिळायचा. ही मंडळी मूळची अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतली. इथे वेदीपाशी जाऊन गुडघे टेकायचे, प्रार्थनापुस्तकातले प्रतिसाद सगळ्यांनी मिळून म्हणायचे. १९७० मध्ये नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झालं खरं, पण सवयी जिथल्या तिथेच राहिल्या. बरेच दिवस मी शेजारच्या मावशींकडे बघूनच उठत-बसत होते. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं भजन लागलं की मात्र कुणाकडे बघावं लागायचं नाही.

उपासनेनंतर आवारात पहिला प्रश्न ठरलेला, "सलाम ताई, तुम्ही मूळचे कुठले?" मी नगरकडचं माझं गाव, "वडाळा मिशन", म्हटलं की समोरच्यांची कुणीतरी आत्या तिथे दिलेली निघायचीच. दोन-चार रविवारांत मी कुणाची वहिनी, कुणाची पुतणी झाले. मला सुख वाटलं, नाही कशाला म्हणू?

पण त्याच आवारात नवापूरकडची एक नर्स होती. तिने गाव सांगितलं की "हो का, छान" एवढंच यायचं आणि बोलणं संपायचं. तिच्या गावात कुणाची आत्या नव्हती. आपलं आदरातिथ्य नात्याचा धागा सापडेपर्यंत थांबून राहतं, हे मला तिच्याकडे बघून कळलं.

मग महिला मंडळात घरगुती प्रार्थनासभेचा विषय निघाला. सभा आळीपाळीने प्रत्येकीच्या घरी व्हायची, पण खाण्याची चढाओढ लागलेली. एकीकडे बटाटेवडे, तर दुसरीकडे पुलाव आणि गुलाबजाम. एका खोलीत राहणाऱ्या बायका आपली पाळी कायम पुढे ढकलायच्या. मी म्हटलं, चहा आणि पोहे, त्यापुढे काही नाही. कुरकुर झाली. "पाहुण्याला एवढंच?" एका ज्येष्ठ बाईंनी विचारलं. याच पुण्यात १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये नुसता चहा दिला-घेतला म्हणून लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानड्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, ओढवलं होतं, तेव्हा चहाला कमी लेखू नका, असं मी हसत सुनावलं. नियम झाला. त्यानंतर पहिली सभा झाली ती येरवड्याच्या एका चाळीत, निम्म्या बायका दाराबाहेर जिन्यात बसून गात होत्या.

त्या नर्सला मी दर खेपेला सोबत नेते. गाव विचारायच्या आधी तिची ड्युटी कधी सुटते ते विचारायचं, एवढं मी बाकीच्यांच्या गळी उतरवलंय. पुढची पाळी तिची. हॉस्टेलवर पाहुण्यांना परवानगी नाही, म्हणून सभा आमच्या घरी आणि स्वयंपाक तिचा. पोहे ती करणार नाही. "भाकरी खाल्ल्याशिवाय कुणाला जाऊ देणार नाही, ताई," म्हणाली. नियम माझाच, त्यामुळे सूटही मीच दिली. आता वीस जणींना पुरेल एवढी परात शोधतेय.