आमची वाटचाल: 'कुणालाही जमेल' ही ओळ खोडली तिथपासून

मी आणि माझा धाकटा भाऊ, दोघांनी मिळून ग्लेशियर टूर्स सुरू केल्या. आठ-दहा जणांचा ग्रुप, बर्फावर तिथलेच ट्रेन्ड गाईड, आणि बाकी सगळी तयारी करून घ्यायची आमची जबाबदारी. पहिल्या माहितीपत्रकात एक ओळ होती, "सोपा वॉक, कुणालाही जमेल". ती मीच लिहिली होती, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मी स्वतः तिथे एकदाच जाऊन आले होते.

पहिल्याच सीझनला आइसलँडला सोलहेमायोकुल ग्लेशियरवर आमच्यासोबत एक काकू होत्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं पण जिद्द भारी, तीन महिने रोज चालायची प्रॅक्टिस करून आलेल्या. पार्किंगपासून बर्फापर्यंत जायला सुट्या दगडगोट्यांची, चढउताराची वाट आहे, क्रॅम्पॉन (बर्फावर चालताना बुटाखाली बांधायचे धातूचे काटे) तिथे पायात नसतात, हातात धरून न्यायचे असतात. अर्ध्या वाटेत काकू एका दगडावर बसल्या. डोक्यावर हेल्मेट, कमरेला हार्नेस, मांडीवर क्रॅम्पॉनची जोडी, आणि बर्फ समोर दिसतोय. म्हणाल्या, "बर्फाची तयारी केली गं, दगडाचं कुणी सांगितलंच नाही." ग्रुप पुढे गेला, मी त्यांच्याजवळ थांबले, आणि ते दोन-अडीच तास मी अजून विसरलेले नाही.

बरं, वाट एकदा मोजून ठेवली की झालं असंही नाही, कारण ग्लेशियर मागे सरकतोय. याच सोलहेमायोकुलचं मागे सरकणं तिथल्या एका शाळेची मुलं २०१० पासून दर वर्षी मोजतायत, आणि बर्फ जेवढा मागे जातो तेवढी आपली चाल वाढते. कॅनडातल्या अथाबास्काच्या वाटेवर तर पाट्याच लावल्यात, अमुक साली बर्फ इथपर्यंत होता म्हणून. न्यूझीलंडच्या फ्रान्झ जोसेफवर पूर्वी दरीतून चालत बर्फावर चढता यायचं, २०१२ पासून हेलिकॉप्टरशिवाय बर्फावरचा गाईडेड वॉक होत नाही, म्हणजे तिथे आता पायांच्या आधी, हेलिकॉप्टरसाठी वजनाचा काटा आला. म्हणून आमच्या प्रत्येक माहितीच्या पानावर आता तारीख असते, वाट कधी चालून बघितली त्याची. किती मिनिटं लागली, सुटे दगड कुठे, बसायला जागा कुठे, शेवटचं टॉयलेट कुठे. 'सोपं', 'मध्यम' हे शब्द काढूनच टाकले, कारण माझं सोपं आणि काकूंचं सोपं एक नव्हतं.

मग फॉर्म बदलला. आधी प्रश्न होता "तुम्ही फिट आहात का?" यावर आजपर्यंत एकाही माणसाने 'नाही' लिहिलेलं नाही. आता विचारतो: दोन मजले उतरताना कठडा धरावा लागतो का? (चढण्याचं सगळे सांगतात, बर्फावर खरी परीक्षा उतरताना असते.) खाली वाकून स्वतःच्या बुटाची नाडी बांधता येते का? बुटाचा नंबर काय, मांडीचा घेर किती, कारण क्रॅम्पॉन आणि हार्नेस ऐनवेळी बसले नाहीत तर माणूस सगळ्यांसमोर अवघडतो. आणि तीन-चार तास टॉयलेट मिळणार नाही, चालेल का? हा प्रश्न घालताना भाऊ फार संकोचला होता, पण सगळ्यात जास्त थँक्यूचे मेसेज ह्याच प्रश्नाला आले, बहुतेक बायकांचे.

एका दादांचा एक पाय गुडघ्याखाली कृत्रिम होता. ज्यांच्याकडे बर्फावरच्या वॉकचं बुकिंग करतो त्यांना मेल टाकला, "असे गेस्ट चालतील का", एका ओळीत उत्तर, नाही. मला रागच आला, पण नंतर वाटलं की प्रश्नच चुकीचा विचारला आपण. दादांनी स्वतःचा ओल्या उतारावरून उतरतानाचा व्हिडिओ पाठवला, सोबत लिहिलं की कृत्रिम पावलाची सेटिंग बुटाच्या टाचेच्या उंचीवर ठरते, त्यामुळे भाड्याचे बूट नकोत, मी माझेच कडक तळव्याचे बूट आधी सेट करून आणतो. दोन दिवसांत होकार आला. बर्फावर त्या पायाला खालचं काही जाणवत नाही, तर ते कानाने चालायचे! काटे नीट रुतले की कर्रकन आवाज येतो, नाही आला तर पाऊल उचलून परत टेकवायचं. गाईडने नंतर ही युक्ती बाकीच्यांनाही करायला लावली.

व्हीलचेअरवाल्यांना मात्र खोटी आशा दाखवत नाही. क्रॅम्पॉनच्या वाटेवर, भेगा आणि पायऱ्या खोदलेल्या बर्फावर चाकं जात नाहीत. पण स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोखला ३,४५४ मीटरवर १९१२ पासून ट्रेन जाते, वर लिफ्ट आहे, समोर आलेत्श पसरलेला, आल्प्समधला सगळ्यात लांब ग्लेशियर. तिथे उंचीमुळे धाप लागते एवढं सांगून ठेवतो. अथाबास्कावर भल्यामोठ्या चाकांची बस थेट बर्फावर नेते, पण गाडीत चढायचं कसं आणि बर्फावर उतरायचं कसं हे दोन वेगळे प्रश्न, दोन्ही बुकिंगच्या आधी विचारायचे.

कपड्यांवरून दर बॅचला वाद होतो. जीन्स नको म्हणजे नको, ओली झाली की वाळत नाही आणि गारठा धरून ठेवते. पायाशी घोळदार पँट नको, क्रॅम्पॉनचा काटा अडकतो आणि माणूस तोंडावर. म्हणूनच पाय थोडे फाकवून, पूर्ण तळवा एकदम टेकवत चालायचं, निघायच्या आधी व्हिडिओ कॉलवर सगळ्यांना घरातच चालायला लावतो, आजोबांपासून पोरांपर्यंत सगळे बदकासारखे, धमाल असते. गॉगल ढगाळ दिवशीही लागतो, ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो. आणि इन्सुलिन सॅकमध्ये नाही, जॅकेटच्या आत अंगाशी ठेवायचं, एकदा गोठलं की ते वाया, वितळल्यावर दिसायला ठीक दिसलं तरी. इनहेलरही तिथेच, गार पडला की फवारा नीट येत नाही. कानाच्या मशिनच्या बॅटऱ्याही थंडीत लवकर मान टाकतात, म्हणून कमी ऐकू येणारं कुणी असेल तर हाताच्या खुणा आधीच ठरवतो, थांब, मागे हो, माझ्या पावलावर पाऊल, कारण पुढे तोंड करून चालणाऱ्या गाईडचं बोलणं वाऱ्यात कुणालाच ऐकू येत नाही.

हे सगळं वाचून काही जण बुकिंग कॅन्सल करतात, भाऊ अजून कुरकुरतो. मला चालतं. ते दगडावर बसून राहण्यापेक्षा बरं.

सध्या एका दृष्टिहीन ताईंची चौकशी आलीये. दोन काठ्या आडव्या, पुढची टोकं गाईडच्या हातात, मागची त्यांच्या, म्हणजे गाईडचं चढणं-उतरणं काठीतूनच कळतं. परवा मी डोळ्यांना पट्टी बांधून आमच्या जिन्यात करून बघितलं, पुढे भाऊ. काठीतून चढ बरोबर कळला, वळण पण कळलं, पण शेवटची पायरी संपली हे तो बोललाच नाही आणि मी नसलेल्या पायरीवर पाय टाकून धडपडले. तर आता ताईंच्या आधी भावाची प्रॅक्टिस चालू आहे.