उंच स्क्रीन का ग्राफिक्स कार्ड?
लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग घरीच करतो, त्यासाठी आज आर्वीहून नागपूरला लॅपटॉप पाहायला गेलो. सीताबर्डीवर दुकानदारानं दोन समोर ठेवले. एकाची स्क्रीन उंच, रुंदी-उंचीचं प्रमाण १६:१०, म्हणजे १९२० बाय १२०० पिक्सेल (ठिपके), पण वेगळं ग्राफिक्स कार्डच नाही. दुसरा नेहमीचा १६:९, १९२० बाय १०८०, आत आरटीएक्स ४०५० ग्राफिक्स कार्ड, ६ जीबीचं.

पिक्सेलच्या १२० जास्तीच्या ओळींनी काय होते बाप्पा, असं वाटलं होतं. पण एडिटिंगची टाइमलाइन (क्लिप अन् आवाजाच्या पट्ट्या) उघडली अन् खालचे ऑडिओ ट्रॅक न सरकवता दिसले. हळदीचा डीजे, मंगलाष्टकं, माइक न सोडणारे मामा, सगळे एका नजरेत! जीव तिथंच अडकला.

मग पेनड्राइव्हमधली ड्रोनची फोरके क्लिप दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून कलर केला, तर तोच उंच स्क्रीनवाला अडखळायला लागला. रिझॉल्व्हचा भार ग्राफिक्सवरच जास्त. दुकानदार म्हणे, "भाऊ, स्क्रीन बाहेरून जोडता येते, कार्ड मागून बसत नाही."

४०५० वालाच घेतला. बॅटरीवर मात्र हे कार्ड पूर्ण जोर लावत नाही, अन् आमच्या गावात लाइनचा काय भरवसा! इन्व्हर्टरचं नंतर पाहू. सध्या कोणाकडे जुना २४ इंची मॉनिटर पडून असेल तर इनबॉक्स करा.