केबल परत का तुटली?

"पात्रांव, स्पीडोमीटरची केबल परत तुटली मरे! ओरिजिनल दिलेली ना?" गोव्यात साखळी गावच्या बाजारातल्या माझ्या स्पेअर पार्टच्या काउंटरवर पावसाळा ओसरला की हा प्रश्न ठरलेला. त्याला जोडून दुसराही येतोच: "नव्या केबलला तेल सोडू की ग्रीस लावू?" जुनी मोटारसायकल सांभाळणारे हे दोन्ही एका दमात विचारतात. काउंटरवर गर्दी असते, तिथे अर्धंच उत्तर देता येतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज सविस्तर लिहितो, आणि सुरुवात तेलापासून करतो. कारण तुटलेल्या केबलीपेक्षा तेल पाजून मारलेले मीटर मी जास्त पाहिले आहेत.

क्लचची केबल मागेपुढे सरकते. तिला वरून इंजिन ऑइल सोडलं आणि खालून थेंब गळेपर्यंत वाट पाहिली की काम झालं. हाताला तीच सवय लागते आणि माणूस मीटरच्या केबललाही वरूनच तेलाची कुपी लावतो. पण मीटरची केबल सरकत नाही, फिरते. आतली वायर म्हणजे बारीक पोलादी तारांचे थर, एक थर उजवीकडे पिळलेला तर त्यावरचा डावीकडे, आणि दोन्ही टोकं चौकोनी केलेली. खालचं टोक पुढच्या चाकाच्या मधोमध, हबमधला गिअर फिरवतो, वरचं टोक मीटरमधल्या चुंबकाला फिरवतं. गाडी एक मीटर पुढे गेली की वायरची एक फेरी असं धरलं, तर साठच्या वेगाला ती मिनिटाला 1000 फेऱ्या घेते. तारांना पीळ असल्यामुळे जास्तीचं तेल फिरता फिरता वर चढतं आणि थेट मीटरच्या पोटात जातं.

तिथे ते काय करतं ते कळायला मीटर आतून माहीत हवा. काटा चुंबकाला जोडलेलाच नसतो. चुंबकाभोवती अॅल्युमिनियमची पातळ वाटी असते आणि दोघांमध्ये जेमतेम फट. चुंबक फिरला की वाटीत विजेचे भोवरे तयार होतात, वाटी त्याच्यामागे ओढली जाते, आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत वाटी जिथे थांबेल तो तुमचा वेग. जर्मनीत ओटो शुल्झे यांनी 1902 मध्ये याचं पेटंट घेतलं. पुढे आपल्या आरएक्स 100 आणि स्प्लेंडरपर्यंत मूळ कल्पना तीच राहिली. आता त्या फटीत तेल गेलं की चुंबक वाटीला तेलानेही ओढतो. गाडी चाळीसने चाललेली असते आणि काटा साठ दाखवतो. त्यात धूळ मिसळून तेल घट्ट झालं की गाडी सिग्नलला उभी, तरी काटा तीसवर बसलेला. मग गिऱ्हाईक येऊन सांगतं की केबल खराब आहे. केबल ठणठणीत असते.

म्हणजे वंगण हवं, पण खालच्या बाजूला आणि अगदी थोडं. मी हे काम मे महिन्यात करतो, घरात पावसाळ्याची बेगमी चाललेली असते तेव्हा. मीटरखालचा आणि हबजवळचा नट सोडवला की केबल मोकळी होते. आतली वायर बहुतेक गाड्यांत एकाच बाजूने बाहेर येते, दुसऱ्या बाजूला तिला अडवणारी कडी असते. त्यामुळे जोर लावण्याआधी दोन्ही टोकं नीट बघून घ्या. वायर रॉकेलमध्ये बुडवून चिंधीने पुसली की चिंधीवर काळपट तांबडा चिखल उतरतो. डिचोली आणि साखळीकडच्या गाड्यांत तो जास्तच. 2012 मध्ये आणि परत 2018 मध्ये इथल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या, पण खनिजाच्या ट्रकांमागून तांबडी धूळ खात चाललेल्या गाड्यांच्या केबली अजून उघडल्या की तांबड्याच निघतात. ही धूळ ग्रीसमध्ये मिसळली की पॉलिश पेपर घासावा तशी वायर आतून झिजत जाते. म्हणून जुन्या ग्रीसवर नवं ग्रीस कधी लावू नये. बाहेरच्या कव्हरमध्येही रॉकेल सोडा, ते रात्रभर उभं टांगा आणि सकाळी पंक्चरवाल्याकडे हवा मारून घ्या.

मग वायर सपाट काचेवर ठेवायची आणि तळव्याखाली लोळवायची. माझ्या काउंटरची काच त्याच कामाची आहे. सरळ वायर गुळगुळीत लोळते. कुठे मुडपलेली असेल तर तिथे काचेवर टक टक उडी मारते. असली वायर कितीही ग्रीस लावलं तरी काटा नाचवणारच, ती बदला. एखादी तार जरी उसवलेली दिसली, तरी बदला.

चांगली निघाली तर बोटांच्या चिमटीत मऊ लिथियम ग्रीस घ्यायचं, वाटाण्याहून जास्त नको, आणि वायर त्या चिमटीतून ओढत न्यायची. तारांवर ओलसर चमक दिसली पण गोळा कुठे दिसला नाही, म्हणजे बरोबर. चेनला किंवा ट्रकच्या बेअरिंगला लावतात ते जाड ग्रीस इथे चालत नाही. मीटरकडचा वीतभर भाग कोरडा ठेवा. जुन्या ब्रिटिश मोटारींच्या मॅन्युअलमध्ये याची सरळ सूचना असते: ग्रीस लावलेली वायर आत घाला, मग वरून आठ इंच बाहेर ओढून पुसून काढा. मी तेच करतो. डब्ल्यूडी-40 मारणारेही पुष्कळ आहेत. गंज सोडवायला ते चांगलं, पण वंगण म्हणून टिकत नाही, उलट आतलं ग्रीस धुऊन काढतं.

आणि खोबरेल. आपल्याकडे करकरणाऱ्या दारापासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्यांना तेच, त्यामुळे केबललाही. खोबरेल 24 अंशांच्या आसपास गोठायला लागतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे सत्तरी तालुक्यात, चोर्ला घाटाच्या बाजूला तर हमखास, पारा त्याच्या खाली उतरतो. सकाळी पहिल्या दोन किलोमीटरला काटा आळसावलेला आणि ऊन चढल्यावर ठीक, अशी तक्रार आली की मी आधी हेच विचारतो. हसतात, पण बहुतेक वेळा उत्तर होच असतं.

काटा नाचणं ही वेगळी तक्रार. वायर कुठेतरी कोरडी असते किंवा केबल फार वाकलेली असते. वायर तिथे क्षणभर अडकते, मागून पीळ भरत राहतो, आणि मग ती एकदम सुटते. काट्याची उडी म्हणजे तो सुटलेला पीळ. केबलचं वळण मोठं आणि सैल हवं. मीटरमधून निघाल्या निघाल्या दोन-तीन इंच तरी ती सरळ जायला हवी. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, पुढचा शॉक दाबून बघा. कुठे ताण नको आणि टायरला लागेल इतकी ढीलही नको. मडगार्डजवळची छोटी कडी त्यासाठीच असते. पुढचं चाक काढताना ती उघडली जाते आणि परत लावायचं राहून जातं.

चाक काढण्यावरून आठवलं. हबमधल्या मीटर गिअरच्या रिंगला दोन कान असतात, ते हबच्या खाचांत बसायला हवेत. पंक्चर काढून घाईत चाक बसवलं आणि कान खाचेबाहेर राहिले, की एक्सल आवळताना ते चेपतात. पंक्चर काढल्यापासून मीटर बंद आहे असं कुणी म्हणालं, तर केबल मागू नका, चाक काढा. वाळवंटी नदी फुगली की पाण्यातून गाडी काढणारे काढतातच. तेव्हा पाणी याच गिअरमध्ये शिरतं, ग्रीस दुधाळ होतं आणि पुढे दात झिजतात.

टॅकोमीटरच्या, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या (आरपीएम) दाखवणाऱ्या मीटरच्या केबलला हेच सगळं लागू, फक्त एक गोष्ट जास्तीची. तिचं खालचं टोक इंजिनात जातं. राजदूत 350 बाळगणारे आजही गोव्यात आहेत, त्यांना हे माहीत असेल. इंजिनाकडचं ऑइल सील गेलं की इंजिनाचंच तेल वायरवरून वर चढतं. त्या केबलला वंगण घालण्याआधी ती आपोआप ओली झालेली आहे का ते बघा. असेल तर आधी सील बदला, नाहीतर आरपीएमची डायल आतून तेलकट होईल.

आता तुटण्याचं. आधी निदान. काटा मेला पण किलोमीटर पुढे सरकताहेत, तर केबल शाबूत आहे, बिघाड मीटरमध्ये. काटा चालतो पण किलोमीटर थांबले, तर मीटरमधला प्लॅस्टिकचा गिअर गेला. दोन्ही थांबले, तर वरचा नट सोडवा, गाडी मेन स्टँडवर घ्या, पुढचं चाक हाताने फिरवा आणि वायरचं टोक फिरतंय का बघा. फिरत असेल तर दोष मीटरचा. नसेल तर वायर तुटलीय किंवा हबमधला गिअर गेलाय.

तुटलेली वायर फेकू नका, दोन्ही तुकडे घेऊन या. मधोमध, वळणावर तारा उसवून तुटली असेल तर केबलची वाट चुकीची होती. टोकाजवळ पिळून तुटली असेल तर मीटर किंवा हबचा गिअर जाम आहे. चौकोन घासून गोल झाला असेल तर वायर नीट बसतच नव्हती, बऱ्याचदा केबलची लांबीच चुकलेली असते. दुसऱ्या मॉडेलची केबल नटाला बसते, म्हणून लोक खूश होतात. पण वायर लांब पडली तर ती मीटरच्या बुशला आतून दाबत राहते, आणि आखूड पडली तर खड्ड्यात निसटते. म्हणून मी जुनी आणि नवी शेजारी ठेवून मापतो. नवी बसवताना चाक हळू फिरवत चौकोन आत घ्या आणि मीटरचा नट बोटांनीच आवळा. पक्कड लावली की मीटरचे आटे जातात.

आणि मीटर जाम असेल, तर माझ्याकडून केबल घेऊ नका. आधी मीटर मोकळा करून घ्या. ओरिजिनल घातली तरी तीही तुटेल, आणि मग तुम्ही परत मलाच विचाराल.