पोस्टल कोड नसलेल्या बाई

हाँगकाँगहून एका बाईंचा दोन ओळींचा ईमेल आला. ‘तुमच्या फॉर्मला माझा पोस्टल कोड हवाय. आमच्याकडे पोस्टल कोड नसतो. देणगी राहू देऊ का?’

त्या चिडल्या नव्हत्या, खरोखरच विचारत होत्या, आणि तेच जास्त लागलं. मी एका छोट्या संस्थेची वेबसाइट सांभाळते. देणगीचा फॉर्म चार वर्षांपूर्वी मीच केलेला. त्या कोडच्या रकान्यापुढचा लाल तारा माझ्याच हातचा.

त्या संध्याकाळी अर्धवट राहिलेल्या व्यवहारांची यादी उघडून बसले. ती याआधी कधी नीट वाचलीच नव्हती; आपल्याला जमा झालेले पैसे मोजायची सवय असते. कोडच्या रकान्यात ‘०००००’, ‘१२३४५’, एकाने तर नुसते सहा नऊ. दुबईचे बरेच जण होते, तिथेही पोस्टल कोड नसतात. म्हणजे या माणसांनी फॉर्मला खोटं सांगून का होईना, पुढे जायचा प्रयत्न केला होता. आणि पुढे जाऊनही त्यांचं कार्ड नाकारलं गेलं होतं.

हे का, ते शोधायला दोन दिवस गेले. पेमेंट गेटवेमध्ये, म्हणजे आमच्या वतीने ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेमध्ये, पत्ता पडताळणीचा नियम असतो: फॉर्ममधला पत्ता कार्ड देणाऱ्या बँकेकडच्या पत्त्याशी जुळतो का, ते बघायचं. ही सोय प्रामुख्याने अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनच्या कार्डांवर चालते. बाकीच्या बहुतेक बँका ‘तपासलं नाही’ एवढंच कळवतात. मी फसवणुकीच्या भीतीने नियम सगळ्यात कडक ठेवला होता, आणि त्यात ‘तपासलं नाही’ म्हणजे ‘जुळलं नाही’. बँकेने काहीच हरकत घेतलेली नसताना आम्हीच माणसाला दारातून परत पाठवत होतो, वर संदेश काय, तर ‘आपल्या बँकेशी संपर्क साधा’. नियम सैल केला, फक्त खरोखर न जुळलेले व्यवहार अडवायचे ठेवले.

मग फॉर्मची छापील प्रत घेऊन हिशेब बघणाऱ्या सहकाऱ्याकडे गेले. चौदा रकाने, त्यात नऊ तारांकित. प्रत्येकावर बोट ठेवून विचारलं, हे तुला कशाला लागतं? राज्य? ‘मला नको.’ (सिंगापूरच्या माणसाने काय निवडायचं होतं, देव जाणे.) फोन नंबर? ‘मी कधी कुणाला केलाय फोन?’ आणि तो नंबर आम्ही मोजून दहा आकडी मागत होतो. देशाच्या कोडसकट आंतरराष्ट्रीय नंबर पंधरा आकड्यांपर्यंत जाऊ शकतो. शेवटी नाव, ईमेल, देश आणि रक्कम एवढ्यांचेच तारे उरले. पत्ता ऐच्छिक केला, आणि देश आधी विचारायला लागलो, म्हणजे पुढचे रकाने त्यावरून ठरतील.

एवढं झाल्यावर मला वाटलं, संपलं काम. खात्रीसाठी ओळखीतल्या एका डच गृहस्थांना व्हिडिओ कॉलवर फॉर्म भरायला लावला, मी गप्प बसून बघायचं असं ठरवून. त्यांच्या आडनावात मधेच एक अपॉस्ट्रॉफी आहे. फॉर्म म्हणाला, ‘नावात फक्त अक्षरे वापरा.’ ते शांतपणे म्हणाले, ‘हे मला नेहमीचंच आहे.’ मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढे पैशांच्या पानावर ते थांबले, वर-खाली केलं, मग विचारलं, ‘आयडील नाही?’ नेदरलँड्समध्ये ऑनलाइन पैसे भरायचे तर लोक आधी आयडील शोधतात, थेट बँक खात्यातून जाणारं. ब्राझीलमध्ये २०२० च्या नोव्हेंबरपासून पिक्स ही खात्यातून थेट पैसे भरायची सोय आहे, तिचंही तसंच. आम्ही मात्र कार्ड एके कार्ड करत बसलो होतो.

आयडील सुरू करणं म्हणजे गेटवेमध्ये एक खूण करायची, असं वाटलं होतं. पण आयडील चालतं फक्त युरोमध्ये, आणि आमचा फॉर्म एकाच चलनात. मग चलनं वाढवली, आणि तिथे मी जवळजवळ घात केला होता.

गेटवेला रक्कम सर्वात लहान एककात पाठवायची असते: दहा युरो म्हणजे १००० सेंट. मी सरसकट शंभराने गुणलं. चाचणीत जपानी येन निवडून ५००० टाकले, तर चाचणीची पावती आली ५,००,००० येनची. आमच्या गेटवेत येनला पोटएककच नसतं, शंभराने गुणायचंच नव्हतं. कुवेती दिनारचं उलटं, त्याचे हजार भाग होतात. आयएसओ ४२१७ या चलनांच्या यादीत प्रत्येकापुढे दशांशस्थळं दिलेली असतात. ती बघून गुणायचं, एवढी साधी गोष्ट. ती पावती अजून माझ्या टेबलासमोर चिकटवलेली आहे. जाता जाता जर्मन पद्धतीचाही बंदोबस्त केला: तिथे ‘१.०००’ म्हणजे हजार, आमचा फॉर्म त्याचा एक युरो करत होता.

करसवलतीवरून मात्र आमच्यात वाद झाला. फॉर्मवर ठळक अक्षरात ‘देणगी करसवलतीस पात्र’ असं होतं, आणि ते सगळ्या देशांतल्या लोकांना दिसायचं. सवलत मिळते ती देणगीदाराच्या देशाच्या कायद्याने. ब्रिटनची गिफ्ट एड योजना घ्या: एक पौंडामागे २५ पेन्स संस्थेला जादा मिळतात, पण तिथे मान्यता असलेल्या संस्थांनाच, आणि देणगीदार तिथला करदाता असेल तरच. आम्ही त्यात बसत नाही. ‘तुमच्या देशात सवलत मिळेलच असे नाही’ हे वाक्य घातलं तर लोक पळतील, असं काहींचं म्हणणं होतं. पळाले तर पळाले, खोटी आशा लावून पैसे नकोत, म्हणून मी अडून बसले. वाक्य राहिलं.

सगळं चालू झाल्यावर हाँगकाँगच्या बाईंना कळवलं. दुसऱ्या दिवशी त्यांची देणगी आली आणि मागोमाग ईमेल: ‘या वेळी दोन मिनिटांत झालं. फक्त पावतीवर माझ्या पत्त्यानंतर एक स्वल्पविराम लोंबकळतोय, त्याच्या पुढे काहीच नाही.’

तिथे पोस्टल कोड छापला जायचा.