सांगलीतला एल्फ: क्यूचा दिवा लागला, आता आरसीएच्या दप्तराकडे

क्यूचा, म्हणजे प्रोसेसरच्या क्यू नावाच्या पिनेवरचा, दिवा लागला! झिरो पीसीबीवरचा (हातानं जोडणी करायच्या छिद्रांच्या बोर्डावरचा) सीडीपी १८०२ प्रोसेसर आता स्विचांनी भरलेला प्रोग्रॅम चालवतो आहे. मागच्या नोंदीत मेमरीचा भाग राहिला होता, तोही पुरा झाला.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. हा कॉसमॅक एल्फ. आरसीए या अमेरिकन इलेक्ट्रॉनिक्स कंपनीचे इंजिनिअर जोसेफ वाइसबेकर यांनी ऑगस्ट १९७६ च्या पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स मासिकात तो छापला. सुमारे ८० डॉलरमध्ये घरी बांधता येईल असा कॉम्प्युटर, २५६ बाइट मेमरी, आठ टॉगल स्विच. मूळ आराखड्यात २१०१ या रॅमच्या दोन चिपा आहेत. त्या आता शोधत बसण्यात अर्थ नाही, म्हणून मी ६११६ ही रॅम लावली आणि तिच्या वरच्या तीन पत्ता-पिना ग्राउंडला जोडल्या. १८०२ सोळा बिटांचा पत्ता आठच पिनांवर दोन हप्त्यांत पाठवतो. वरचा अर्धा भाग आधी येतो आणि टीपीए या पिनेच्या पल्सवर तो लॅचमध्ये (बिट धरून ठेवणाऱ्या वेगळ्या चिपेत) धरून ठेवावा लागतो, मग खालचा. २५६ बाइटमध्येच राहायचं असेल तर वरच्या भागाची गरजच नाही, त्यामुळे लॅच वाचला. १८०२ ची मेमरी वाचण्याची पिन एमआरडी गेली ६११६ च्या आउटपुट एनेबलला, लिहिण्याची एमडब्ल्यूआर राइट एनेबलला. बाकी काही नाही.

आता खरी मजा. १८०२ पूर्ण स्टॅटिक आहे, आणि सीमॉस या कमी वीज खाणाऱ्या तंत्राचा. क्लॉक कितीही हळू करा, अगदी थांबवा, आतल्या रजिस्टरमधलं काही पुसलं जात नाही. त्या काळातल्या बऱ्याच प्रोसेसरांना हे जमत नव्हतं, त्यांना किमान वेगाचा क्लॉक सतत द्यावा लागे. म्हणून क्रिस्टल काढून मी ५५५ या टायमर चिपवर सेकंदाला एक पल्स दिला आणि ७बी, ७ए, ३०, ०० हे चार बाइट भरले: क्यू लाव, क्यू विझव, पहिल्या पत्त्यावर परत जा. १८०२ ला यातल्या प्रत्येक सूचनेला १६ क्लॉक लागतात. म्हणजे दिवा १६ सेकंद लागलेला आणि ३२ सेकंद विझलेला दिसायला हवा, कारण परत उडी मारण्याचा वेळही विझलेल्या भागातच जातो. घड्याळ लावून बघितलं, तंतोतंत तसंच. डेटाशीटमध्ये वाचलेला आकडा डोळ्यांसमोर घडताना बघण्याचा आनंद मला दुसऱ्या कुठल्याच प्रोसेसरनं दिलेला नाही. १.७६ मेगाहर्ट्झचं क्रिस्टल परत लावलं की तोच प्रोग्रॅम सेकंदाला ३६ हजारांहून जास्त वेळा फिरतो आणि दिवा नुसता मंद जळत राहिल्यासारखा दिसतो.

सर्किट चाललं, पण ते असंच का आखलं हे आराखड्यातून कळत नाही. त्यासाठी सध्या संध्याकाळचा सगळा वेळ आरसीएच्या जुन्या कागदांत जातोय, आणि आजची नोंद मुख्यतः त्यासाठीच आहे.

आरसीए १९१९ ची कंपनी. तिची न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टनची प्रयोगशाळा १९४२ ची. १९८६ मध्ये जनरल इलेक्ट्रिकनं कंपनी विकत घेतली, आणि पुढच्या वर्षी प्रयोगशाळा एसआरआय या संशोधन संस्थेकडे गेली. अशा वेळी कागद बहुधा रद्दीत जातात. हे वाचले, कारण प्रिन्स्टनमध्ये १९६७ पासून डेव्हिड सारनॉफ लायब्ररी होती. ती २००९ मध्ये बंद झाल्यावर कागदपत्रं डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनच्या हॅग्ली म्युझियम अँड लायब्ररीकडे गेली. हॅग्ली उभं आहे ड्यू पाँच्या जुन्या दारूगोळ्याच्या कारखान्याच्या जागेवर, आणि त्या कारखान्याचं स्थापना वर्ष आहे १८०२. योगायोगच, पण १८०२ च्या चाहत्याला हे वाचून किती बरं वाटलं म्हणून सांगू.

पुण्याच्या पेशवे दप्तरात जसे रुमाल, तसे तिथे बॉक्स आणि त्यांत फोल्डर. सूची ऑनलाइन आहे. वाइसबेकरांचे कागद वेगळे लावलेले आहेत. माझा सल्ला: आधी सूची नीट वाचा, मग स्कॅनकडे वळा. कुठल्या फोल्डरशेजारी कुठला ठेवलाय एवढ्यावरूनही कोणतं काम कशातून निघालं याचा अंदाज येतो.

या दप्तरातल्या प्रयोगशाळेच्या वह्यांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण त्यामागचा कायदा आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नसतो. अमेरिकेत मार्च २०१३ पर्यंत पेटंटचा हक्क आधी अर्ज करणाऱ्याचा नव्हता, आधी शोध लावणाऱ्याचा होता. मग आधी कुणी लावला हे सिद्ध कसं करायचं? वहीनं. म्हणून वही बांधीव, पानांना क्रमांक, प्रत्येक नोंदीवर तारीख आणि सही, आणि शेजारी ‘वाचलं, समजलं’ अशा अर्थाची साक्षीदाराची सही. हे सगळं वकिलांसाठी होतं, पण त्याचा फायदा आज आपल्याला होतो. फसलेला प्रयोगसुद्धा तारखेसकट जागेवर राहतो. छापील लेखात फक्त जे जमलं ते येतं.

छापील गोष्टींतही खूप आहे. आरसीए इंजिनिअर हे कंपनीचं नियतकालिक १९५५ ते १९८५ चाललं, त्याचे अंक स्कॅन झालेले आहेत. इंजिनिअरांनी इंजिनिअरांसाठी लिहिलेलं, जाहिरातीचा सूर जवळजवळ नाही. सीमॉसच्या सीडी ४००० या चिपांच्या मालिकेपासून, म्हणजे १९६८ पासून, पुढचं वाचत आलात तर १८०२ अचानक उगवलेला वाटत नाही. कमी वीज खाणारे गेट आधीच हाताशी होते.

आणि वाइसबेकरांना घरात परवडेल असा कॉम्प्युटर हवा होता. १८०२ च्या आधी त्यांनी फ्रेड नावाचं यंत्र केलं होतं, खेळ आणि शिक्षण दोन्हींसाठी. हे लक्षात ठेवून १८०२ कडे बघा. क्लिअर आणि वेट या दोन्ही पिना खाली ओढल्या की चिप लोड मोडमध्ये जाते, डीएमएची (थेट मेमरीत बाइट टाकण्याची) विनंती आली की स्विचांवरचा बाइट मेमरीत ठेवते आणि पत्ता धरणारं आर० रजिस्टर एकानं पुढे सरकतं. रॉम लागत नाही, बाइट भरून घेणारा मॉनिटर प्रोग्रॅम लागत नाही. बहुतेक सूचना एका बाइटच्या: अर्ध्यात काय करायचं, अर्ध्यात सोळापैकी कुठलं रजिस्टर. मेमरी महाग असताना हा विचार किती मोलाचा होता! कमी विजेचा फायदा पुढे फार लांब पोचला: १९८९ मध्ये निघून १९९५ मध्ये गुरूपाशी पोचलेल्या गॅलिलिओ यानात १८०२ होते.

हे वाचताना सारखं आपल्या गावातलं आठवतं. सांगली-मिरजेतल्या जुन्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्यांकडे वह्या असायच्या: कुठल्या मॉडेलला कुठल्या पिनेवर किती व्होल्ट, कुठला ट्रान्झिस्टर बदलून चालतो. २००५ आणि २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी किती दुकानांत शिरलं ते आपण बघितलंय. ज्यांच्या ओळखीत अशी वही शिल्लक आहे, त्यांनी मालकांना विचारून पानांचे फोटो काढा. पान क्रमानं, मुखपृष्ठासकट, समासातलं लिखाण न कापता. मी माझ्या एल्फची वहीही आता तशीच ठेवतोय, तारीख आणि वेव्हफॉर्मच्या फोटोसह.

पुढचं काम चित्राचं. १८६१ ही व्हिडिओ चिप २५६ बाइटमध्ये ६४ बाय ३२ ठिपके दाखवते, पण ती एका फ्रेमला २६२ ओळी, ६० हर्ट्झ या अमेरिकन हिशोबानं चालते आणि आपले जुने टीव्ही ६२५ ओळी, ५० हर्ट्झचे. व्हर्टिकल होल्डचा नॉब असलेला एखादा पोर्टेबल ब्लॅक अँड व्हाइट संच त्यावर स्थिर होईल असं वाटतं. विश्रामबाग, कुपवाड किंवा मिरजेत कुणाकडे चालू अवस्थेतला पडून असेल तर कळवा, मी येऊन घेऊन जाईन. तोवर फ्रेडचे प्रोग्रॅम साठवलेल्या, आता डिजिटल केलेल्या कॅसेटचा आवाज ऑसिलोस्कोपवर लावून शून्य आणि एक कसे नोंदवलेत ते मोजायला बसतोय.