रत्नागिरीचं दीपगृह: पाचला चढा, पण सूर्यास्तासाठी नको

रत्नागिरीच्या दीपगृहावरून सूर्यास्त बघायला मिळत नाही. हे सगळ्यात आधी सांगतो, कारण नेमक्या याच गोष्टीसाठी लोकांकडून पैसे घेतले जातायत. आमच्याकडूनही घेतले. रत्नदुर्ग किल्ल्याच्या दक्षिणेकडच्या टोकावर हे दीपगृह आहे. वर चढून बघायला ते दुपार कलल्यावर जेमतेम तासभर उघडं असतं आणि सहाच्या आत बंद होतं. रत्नागिरीत वर्षातल्या कुठल्याच दिवशी सूर्य सहाच्या आधी बुडत नाही. नोव्हेंबर संपताना तो सगळ्यात लवकर मावळतो, तेव्हासुद्धा सहा वाजून गेलेले असतात. मेअखेर तर सात होतात. तरीही 'लाईटहाऊसवरून सनसेट' अशा रील्स रोज कुणीतरी टाकतंच. त्यातला सूर्य एकतर खाली किल्ल्याच्या तटावरून टिपलेला असतो, नाहीतर पाचच्या उन्हावर केशरी रंग चढवलेला असतो.

दीपगृह लवकर बंद होतं यात तिथल्या कर्मचाऱ्यांचा काही दोष नाही. ते चालू सरकारी ठाणं आहे, पर्यटन ही नंतर जोडलेली गोष्ट. अंधार पडायच्या आत दिवा लागायला हवा, आणि तेव्हा वर गर्दी चालत नाही. दिव्याभोवतीच्या काचांवर दिवसा पडदे ओढून ठेवतात, त्यालाही कारण आहे. ही भिंगं आतला प्रकाश एकवटून लांब फेकण्यासाठी बनवलेली असतात, आणि बाहेरून आलेलं ऊनही ती तशीच एकवटतात. पडदा नसला तर आतल्या वस्तू जळू शकतात. हे माझ्या भाच्याला तिथल्या माणसाने नीट समजावून सांगितलं, कंटाळा न करता. त्या माणसाबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही.

तक्रार आहे ती आम्हाला घेऊन गेलेल्या गाडीवाल्याबद्दल. लॉजच्या दारात गाठ पडली. "दीपगृहाला पास लागतो, रोजचे मोजकेच देतात, ऑफिसात माझी ओळख आहे, सनसेटचा पास काढून देतो." माणशी अडीचशे रुपये, गाडीभाडं वेगळं. सोबत आई, बहीण आणि भाचा. म्हणजे चौघांचे एक हजार आधीच हातावर ठेवले. दीपगृहाच्या दारात पोचलो तर तिथे एक टेबल, टेबलावर पावतीपुस्तक, आणि रांगेत पुढे साताऱ्याकडचं एक कुटुंब. त्यांनी खिशातून सुट्टे पैसे काढले, पावती घेतली आणि आत गेले. पास नाही, ओळख नाही, काही नाही. आमच्यासाठीही आमच्या गाडीवाल्याने तिथेच, आमच्या डोळ्यांदेखत, तेच तिकीट फाडलं. चौघांचं मिळून जे झालं ते त्याने दहा-दहाच्या नोटांत भागवलं.

बहिणीने विचारलं, "दादा, पावती आमच्याकडे द्या ना."

"ताई, ती ऑफिसला जमा करावी लागते."

टेबलामागच्या माणसाने मान वर करून सांगितलं की पावती ज्याची त्याने ठेवायची. मग गाडीवाल्याने ती दिली. पावतीवरचा आकडा आम्ही वाचला. उरलेल्या पैशांचं विचारलं तर "सर्व्हिस चार्ज". कसली सर्व्हिस? गाडी लावायच्या जागेपासून टेबलापर्यंत चालत येण्याची? एक रुपया परत दिला नाही त्याने. आईने "जाऊ दे रे" म्हणून मला ओढून नेलं. मी अजूनही जाऊ दिलेलं नाही, कारण त्याच्यामागे आणखी दोन गाड्या अशाच 'पास'वर आल्या होत्या आणि त्यांतल्या एका आजोबांना तर गुडघ्यांमुळे वर चढताच येणार नव्हतं. त्यांचेही पैसे घेतले होते.

तेव्हा लक्षात ठेवा: दीपगृहाचं तिकीट दारातच मिळतं, आणि ते इतकं किरकोळ आहे की ते 'काढून देणारा' कुणी लागत नाही. कॅमेऱ्याचे पैसे वेगळे पडू शकतात, तेही तिथेच आणि पावतीनेच भरा. सुट्टे पैसे जवळ ठेवा. कोणी पास, बुकिंग, ओळख असं काहीही म्हणालं तर सरळ "नको" म्हणा आणि भाड्याचं बोला. रिक्षा ठरवताना जाणं, थांबणं आणि परत येणं असं तिन्ही मिळून ठरवा, आणि थांबण्याचे किती हे आधी तोंडाने बोलून घ्या. सगळ्यात जास्त वाद थांबण्याच्या पैशांवर होतात. रेल्वेने येत असाल तर कोकण रेल्वेचं स्टेशन शहरात नाही, कुवारबावला आहे. स्टेशनवरून थेट किल्ल्यासाठी गाडी ठरवली की आकडा फुगतो. आधी शहरात या, सामान टाका, मग निघा.

आता वेळेचं. साडेचारपर्यंत किल्ल्यावर पोचायला हवं. उशीर झाला तर शेवटच्या लोकांना वर सोडत नाहीत आणि त्यावर वाद घालून उपयोग होत नाही. शनिवार-रविवारी आणि नाताळच्या सुट्टीत अजून आधी जा. वरची जागा इतकी चिंचोळी आहे की थोडे थोडेच लोक सोडतात, त्यामुळे रांग दिसते त्याहून हळू सरकते.

मनोरा स्वतः काही फार उंच नाही. हे ऐकून निराश होऊ नका. उंची आहे ती डोंगराची. रत्नदुर्गाचे तीन भाग आहेत: दक्षिणेला पारकोट, मध्ये पेठ आणि उत्तरेला भगवतीचं देऊळ असलेला बालेकिल्ला. घोड्याच्या नालासारखी ही सगळी रचना तीन बाजूंनी समुद्रात घुसलेली आहे. बहामनी काळातला किल्ला, 1670 मध्ये शिवाजी महाराजांनी आदिलशाहीकडून घेतला. दीपगृह आहे पारकोटाच्या टोकाला. म्हणजे मनोऱ्याच्या पायथ्याशी उभं राहिलात तरी बहुतेक सगळा देखावा समोर असतो. समुद्रावर नजर कुठवर पोचते याचं एक सोपं गणित आहे: आपण पाण्यापासून जितके मीटर वर असू त्याचं वर्गमूळ काढायचं आणि साडेतीनने गुणायचं, साधारण तितके किलोमीटर. मांडवीच्या वाळूत उभं राहिलं तर साडेचार किलोमीटरवर क्षितिज येतं. शंभर मीटर उंचीवर तेच पस्तीस किलोमीटर लांब जातं. त्यात मनोऱ्याचे थोडे मीटर वाढले काय आणि न वाढले काय, फरक किरकोळ.

म्हणून ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना चक्कर येते, ज्यांच्या कडेवर लहान मूल आहे, त्यांनी खाली थांबावं. मी हे भिडेखातर मऊ करून सांगणार नाही. आत गोल जिना आहे, तो कुणालाही जमेल. अडचण त्याच्या पुढे आहे. जिना संपल्यावर लोखंडी शिडी लागते, जवळजवळ उभी, आणि तिच्या माथ्याला चौकोनी झडप. त्या झडपेतून अंग वर काढायचं. खांद्याला पिशवी असेल तर ती हमखास अडकते. पायऱ्यांचं लोखंड हजारो तळव्यांनी गुळगुळीत झालंय, कडेला खाऱ्या हवेने रंगाचे पोपडे सुटलेत, ते हाताला टोचतात. चढताना निभतं. उतरताना पाय कुठे टाकायचा ते दिसत नाही, आणि खालून कुणीतरी घाई करत असतो. आमच्यापुढे एक काकू साडीत होत्या. त्यांचा काठ पायरीत अडकला आणि त्या मध्येच थांबल्या. वरचे वर, खालचे खाली, कुणीच हलेना. शेवटी वरच्या माणसाने हात दिला, बहिणीने खालून काठ सोडवला. त्यांना काही झालं नाही, पण हात थरथरत होते. साडीत वर जाऊ नका. ओढणी असेल तर कमरेला गच्च बांधा. दोन्ही हात मोकळे ठेवा, मोबाइल खिशात, पाण्याची बाटली खाली. आणि एकावेळी शिडीवर एकच माणूस. हे तिथले लोक ओरडून सांगतात आणि तरी मागचे चढतातच.

आई खालीच थांबली. तिने जे बघितलं ते आम्ही वर बघितलं त्याहून फार कमी नव्हतं, हे मी तिची समजूत काढायला म्हणत नाही.

वर आल्यावर काचेच्या खोलीभोवती कठड्याची अरुंद गॅलरी आहे. वारा इतका की बोललेलं ऐकू येत नाही. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो आणि पाचच्या सुमाराला तो जोरात असतो. टोपी काढून ठेवा. आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते: वर आलेला प्रत्येक जण पश्चिमेला तोंड करून उभा राहतो. त्या बाजूला त्या वेळी काय असतं? डोळ्यांवर तिरीप आणि पांढरं चमकणारं पाणी. फोटोत तर सगळं काळं येतं. तुम्ही पाठ फिरवा. गॅलरीतून चालत पूर्वेला या. ती बाजू रिकामी असते, आणि ऊन तुमच्या पाठीमागून थेट शहरावर पडलेलं असतं.

खाली मिरकरवाड्याचं बंदर. होड्या एकमेकींना चिकटून उभ्या, त्यांचे निळे-हिरवे-भगवे रंग उन्हात लखलखतात, जेट्टीवर जाळी पसरलेली, आणि जाळ्यांवर बसून ती दुरुस्त करणारी माणसं ठिपक्यांएवढी. त्याच्या पुढे मांडवीचा काळा किनारा, त्यालाच काळा समुद्र म्हणतात. ती वाळू काळी आहे ती इल्मेनाइट या खनिजामुळे, आणि खाली उभं राहून ती मळकी वाटते, पण इथून तिची रेघ अगदी स्वच्छ दिसते. पुढे भाट्याची खाडी, काजळी नदी समुद्राला मिळते ती जागा, आणि खाडीवरचा पूल. पूल ओलांडला की भाट्याचा किनारा आणि सुरूचं बन. डावीकडे नारळांतून डोकं काढणारी शहराची कौलं, मागे सड्याची, म्हणजे खडकाळ पठाराची, सपाट रेघ. किल्ल्याच्या पलीकडे, उत्तरेला, मिऱ्याचा डोंगर आणि पांढरा समुद्र, म्हणजे पांढऱ्या वाळूचा किनारा. काळा समुद्र आणि पांढरा समुद्र एकाच जागेवरून, फक्त मान वळवून. रत्नागिरीत मी लहानपणापासून येतोय, मामाचं गाव आहे. पण हे शहर असं पाण्याने दोन्हीकडून कवटाळलेलं आहे हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं. भाचा बोट दाखवून विचारत होता आणि मला प्रत्येक जागेचं नाव येत होतं. इतका आनंद मला कुठल्याही सूर्यास्ताने दिला नसता.

वर दहा-पंधरा मिनिटं मिळतात. ती पुरतात.

सूर्यास्त हवाच असेल तर दीपगृह बंद झाल्यावर सरळ बालेकिल्ल्यावर जा. भगवतीचं दर्शन घ्या आणि मंदिराभोवतीच्या तटबंदीवर जागा धरा. तिथे तिकीट नाही, शिडी नाही, आणि दीपगृहाचा मनोरा समुद्रासकट एका चौकटीत येतो. रील्समध्ये जे दिसतं ते हेच. तटाच्या बाहेर मात्र पाय टाकू नका. जांभा वरून घट्ट दिसतो आणि कडेला ढासळलेला असतो. अंधार पडल्यावर थोडा वेळ थांबलात तर दिवा लागलेला बघता येतो. घड्याळ लावून बघा, दोन झोतांमधलं अंतर ठरलेलं असतं. प्रत्येक दीपगृहाची ही खूण वेगळी असते. त्यावरूनच समुद्रातल्या माणसाला कळतं की हे रत्नागिरी, जयगड नव्हे.

जयगडवरून आठवलं. 'एका दिवसात दोन दीपगृहं' असं कुणी सांगत असेल तर तेही सोडून द्या. कोकणातली बहुतेक दीपगृहं दुपारनंतरच उघडतात, आणि रत्नागिरीहून जयगडला जायला तासाहून जास्त लागतो. एक बघाल, दुसऱ्याचं कुलूप बघाल. गणपतीपुळ्याला मुक्काम असेल तर जयगड करा, रत्नागिरीत असाल तर हे करा. देवगडला जाणार असाल तर तिथलं दीपगृह किल्ल्यातच आहे.

पावसाळ्यात या टोकावर येऊ नका असं मी म्हणेन. जांभ्यावर शेवाळ चढतं, वारा उभं राहू देत नाही आणि समोर नुसता पांढरा पडदा असतो. सगळ्यात चांगला काळ म्हणजे पाऊस सरल्यानंतरचा, दिवाळीच्या आगेमागे: हवा धुतलेली, लांबवर स्वच्छ, गवत अजून हिरवं. एप्रिल-मेमध्ये क्षितिजावर धुरकट खार बसते, लांबचं काही दिसत नाही, आणि आंब्याच्या मोसमात शहरात गाडीला जागा मिळत नाही. सपाट तळव्याच्या चपला नकोत, पकड असलेले बूट घाला. ड्रोन आणू नका.

बाकी थिबा राजवाडा, टिळकांचं जन्मस्थान, आरे-वारेचा रस्ता हे सगळं झालं, छान झालं, त्यात सांगण्यासारखं अडलं-नडलं काही नाही. शक्य असेल तर दीपगृहाच्याच दिवशी आधी थिबा पॉइंटवर जाऊन या. तिथून भाट्याची खाडी दिसते आणि शहराची रचना डोक्यात बसते. मग गॅलरीतून पूर्वेला बघताना काय कुठे आहे ते विचारावं लागत नाही.

परतताना रिक्षा किल्ल्याच्या वरच्या वाहनतळावर अंधार पडल्यावर मिळत नाही. थांबवून ठेवली नसेल तर उजेडात खाली मिरकरवाड्याकडे उतरा, तिथे मिळते.